लीलाबाईंचं अनुमोदन

कुठल्याही सभेत ‘या ठरावाला अनुमोदन कोण देणार?’ असा प्रश्न आला की माझी मान आपोआप शेवटच्या रांगेकडे वळते. परवा आमच्या सोसायटीच्या सभेत तेच झालं. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल विचारत होते आणि मी मागे वळून बघत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाची वाट बघताय? आता त्यांना काय सांगणार? मी लीलाबाई पगारेंची वाट बघत होते, आणि लीलाबाई काही आमच्या सोसायटीत राहत नाहीत.

सत्तरच्या दशकात सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ट्यूबलाइटचे चोक बनवणारा एक कारखाना होता. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होते. कोण किती वाजता आलं, कोण रजेवर आहे, कुणाचं कार्ड हरवलं, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. लीलाबाई वाइंडिंगला. केसाएवढी बारीक तांब्याची तार यंत्रावर गुंडाळायची, वेढे बरोबर भरले की टोकं बांधायची आणि पुढचा चोक घ्यायचा. हे काम बायकांकडे होतं, कारण पुरुषांच्या हातात तार तुटते असं मॅनेजरचं मत. लीलाबाई म्हणायच्या, तारेत काही खोट नाय, त्यांना दम नसतो.

बाई ठेंगण्या, सावळ्या, चालायला भलत्याच चपळ. कंपनीने दिलेला निळा एप्रन त्यांना गुडघ्याखाली यायचा आणि त्याच्या खिशात काय नसे? सुईदोरा, ओवा, बसच्या जुन्या तिकिटांची गड्डी, कुणाच्या तरी मुलाच्या शाळेचा दाखला. कुणालाही काहीही लागलं की पहिली लीलाबाईंकडे धाव. पण तुम्ही त्यांना ‘बाई, तुम्हीच आमच्या पुढारी’ असं म्हणून तर बघा. चेहरा असा करायच्या की जणू त्यांच्यावर काही आळ घेतलाय. ‘पुढारी युनियनचे अण्णा हायेत,’ म्हणायच्या. ‘मी आपली अनुमोदनवाली.’

हे अनुमोदनाचं प्रकरण मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. त्या राहायच्या त्या वसाहतीत सगळी बौद्ध कुटुंबं. कुणी कारखान्यात, कुणी नगरपालिकेत, दोघे-तिघे शिक्षक. तिथल्या विहारात दर आठवड्याला सभा, आणि सभा म्हणजे अगदी रीतसर सभा. आधी एकाने उभं राहून अध्यक्षाचं नाव सुचवायचं, दुसऱ्याने उठून अनुमोदन द्यायचं, मगच अध्यक्षाने खुर्चीत बसायचं. अध्यक्ष ठरलेलेच असायचे, खुर्चीशेजारी उभेही असायचे, पण अनुमोदन आल्याशिवाय टेकायचे नाहीत. लीलाबाईंचे वडील या सभांमधले कायमचे अनुमोदक. त्यांच्यामागे ते काम लेकीकडे आलं. एरवी त्यांच्या बोलण्यात हाय-नाय असायचं, पण अनुमोदन देताना पदर सावरून, मान ताठ करून एकदम पुस्तकी आवाज लागायचा: ‘माझं अनुमोदन आहे.’

घरीही तोच कायदा. सुट्टीच्या दिवशी भाजी कुठली करायची याची सूचना कुणीतरी मांडायची आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. त्यांच्या मिस्टरांनी वर्षानुवर्षं वांग्याची सूचना मांडली आणि वर्षानुवर्षं ती अनुमोदनाअभावी बारगळली. मी पंचवटीत सासरी राहणारी. आमच्याकडे सासूबाई बोलल्या की विषय संपला. त्यामुळे लीलाबाईंच्या घरचे हे किस्से मी जेवणाच्या सुट्टीत परदेशातल्या बातम्यांसारखे ऐकायची.

पण त्यांची खरी करामत निराळीच होती, आणि ती कळायला मला दोन वर्षं लागली. एकदा माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, ताई, तुम्ही त्या दिवशी बोलला होतात ना, सकाळी कार्ड पंच करायला बायकांची रांग वेगळी पाहिजे म्हणून? लय भारी कल्पना हाय तुमची, साहेबांच्या कानावर घालाच. मी म्हटलं, हो, घालते की. घातली. साहेबांनी मान्य केली. मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होते, आणि साडीला कॉलर नसते ही गोष्ट वेगळी. पुढे दोन वर्षांनी एका दुपारी रजेचे अर्ज लावता लावता एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी तसं कधी बोललेच नव्हते!

मग मी लक्ष ठेवू लागले. बाई सगळीकडे हेच करत होत्या. फोरमनला सांगायच्या, तुम्हीच म्हणत होता की सेक्शनमध्ये पाण्याचा माठ पाहिजे. फोरमनला माठाचं काहीही आठवत नसायचं, पण चांगली गोष्ट आपण बोललो होतो हे नाकारायचं कुणाच्या जिवावर येतं? माठ आला. टेम्पोचा किस्सा तर विचारूच नका. आमच्यातल्या एका मुलीचं लग्न हरसूलला होतं. एका टेम्पोत कोंबून आम्ही पंचवीस-तीस बायका निघालो आणि घाटात टेम्पो रुतला. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. लीलाबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, हां, ड्रायव्हरभाऊ म्हणतायत तेच बरोबर, सगळ्यांनी उतरायचं, दहा जणींनी दगड आणायचे, बाकीच्यांनी मागून लावायचं. ड्रायव्हर हक्काबक्का. तो बिचारा एक शब्द बोलला नव्हता. पण टेम्पो निघाला, आम्ही अक्षता पडायच्या आत मांडवात पोचलो आणि जेवणाच्या पंगतीत ड्रायव्हर स्वतःच सगळ्यांना सांगत होता की मी कशी युक्ती काढली.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं की असं का करता? तुमच्या डोक्यातून निघालेली गोष्ट तुम्ही का मांडत नाही? त्यांना प्रश्नच कळला नाही. सूचना मांडणारी माणसं वेगळी असतात, असं त्यांचं पक्कं मत. त्यांना बोलता येतं, त्यांचं वजन असतं. ‘आपण मागून जोर लावायचा,’ म्हणाल्या. त्यात दुःख नव्हतं की नम्रपणाचा आवही नव्हता. जसं कुणी आपलं गाव सांगावं, तसं सांगत होत्या. मला मात्र राग यायचा. अहो, तुमच्या पाठीवरून चढून लोक घोड्यावर बसतायत! पण बाईंना घोडा नकोच होता.

एक विषय निघाला की मात्र त्यांचा हात यंत्रावर थबकायचा. वाइंडिंगला पन्नासेक बायका होत्या आणि बऱ्याच जणींच्या घरी तान्ही पोरं. ती सांभाळायची कुणी? सासू असली तर ठीक. नसली तर थोरल्या मुलीने. शाळेच्या हजेरीपटावरून एकेक मुलीचं नाव असं गळायचं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आमच्या सखूबाईला तिसरं मूल झालं आणि तिची सहावीतली रंजना दप्तर खुंटीला अडकवून घरी बसली. सखूबाई हे सांगताना हसत होती, पोरगी किती शहाणी म्हणून कौतुक करत होती. लीलाबाई तिथून उठून गेल्या. त्यांची स्वतःची थोरली, शांती, चौथीनंतर तशीच घरी बसली होती.

त्या दिवसापासून बाईंनी पाळणाघराचा ध्यास घेतला. कारखान्यातच एक खोली, चार पाळणे आणि एक सांभाळणारी बाई. कायद्यात तशी तरतूद आहे असं आम्ही ऐकून होतो, पण कायदा काही नोटीस बोर्डावर लावलेला नव्हता. युनियनची मागण्यांची यादी दर वेळी निघायची, दर वेळी पाळणाघर शेवटी असायचं आणि दर वेळी शेवटचं ते गळायचं. अण्णा, म्हणजे आमच्या युनियनचे अध्यक्ष, मनाने वाईट नव्हते. प्रेस शॉपमधले, पहाडी आवाजाचे, कामगारांसाठी मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवणारे. पण त्यांच्या लेखी कामगार म्हणजे पॅन्ट घालणारा माणूस. पाळणाघर हा ‘बायकांचा विषय’.

आणीबाणी उठली होती, सगळीकडे सभांना नुसता ऊत आला होता. आमच्या युनियननेही मोठी सर्वसाधारण सभा बोलावली. आम्ही ऑफिसातले कारकूनही त्याच युनियनमध्ये होतो, आणि माझं अक्षर बरं म्हणून सभेचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे. अण्णांनी आधीच जाहीर केलं होतं की या वेळी मोजून दहा मागण्या. यादी लांबली की मालकाला टाळाटाळ करायला सोपं जातं. एकेक मागणी सूचकाने मांडायची, अनुमोदकाने उचलायची, मग हात वर.

लीलाबाईंनी महिनाभर आधी आपला सूचक हेरून ठेवला होता. टूल रूममधला उत्तम. तरणाबांड, बोलायला फर्डा, अण्णांच्या मर्जीतला. ‘उत्तमभाऊ, तुम्हीच म्हणत होता ना पाळणाघराचं,’ अशी सुरुवात झाली आणि चौथ्या दिवसापासून उत्तम खरंच स्वतः म्हणू लागला. सभेच्या आदल्या दिवशी त्याने माझ्यासमोर छाती ठोकून सांगितलं की मी मांडणार म्हणजे मांडणार. लीलाबाईंचा चेहरा काय खुलला होता! सखूबाईला जाऊन सांगून आल्या की जूनमध्ये रंजनाचं नाव पुन्हा घालायची तयारी ठेव.

रविवारची सकाळ. एका शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता, लाउडस्पीकर खरखरत होता, आणि गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. बायका मागच्या बाजूला सतरंजीवर. मी स्टेजच्या कडेला टेबल घेऊन बसलेले. मागण्या भराभर पुढे सरकत होत्या. टाळ्या, घोषणा, पुन्हा टाळ्या. पाच झाल्या, सात झाल्या. चहाची सुट्टी झाली तेव्हा मी बघितलं, अण्णा उत्तमच्या खांद्यावर हात टाकून त्याला मंडपाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. उत्तम परत आला तो मान खाली घालून.

नववी मागणी मंजूर झाली. अण्णा माइकवर म्हणाले, आता दहावी आणि शेवटची. पावसाळ्यात रेनकोट मिळावेत अशी बऱ्याच जणांची इच्छा आहे, कोण मांडतंय? आणि त्याच क्षणी उत्तम जागेवरून उठला.

आता लीलाबाईंची वर्षानुवर्षांची सवय अशी की सूचक उठला, मनात पाच आकडे झाले की आपण उठायचं. सूचक काय बोलतो हे त्यांनी कधी ऐकलंच नसेल, कारण ते त्यांनीच त्याला शिकवलेलं असायचं. बाई उठल्या. पदर सावरला. मान ताठ केली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘माझं अनुमोदन आहे.’

उत्तम तोवर मंडपाबाहेर निघाला होता. तो मांडायला उठलाच नव्हता, तो सटकायला उठला होता.

काय हशा पिकला! पुढच्या रांगेतले लोक मांडीवर थापा मारून हसत होते. अण्णासुद्धा हसले. माइकवरून म्हणाले, ‘कशाला अनुमोदन, बाई? सूचना तर अजून कुणी मांडलीच नाही.’

लीलाबाई उभ्याच. त्यांनी मंडपाच्या दाराकडे बघितलं. मग फोरमनकडे बघितलं, माठवाल्या. फोरमन आपल्या चपला बघत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं सांगू? मी कागदावर वाकले आणि नवव्या मागणीखाली रेघ मारली, जी आधीच मारलेली होती. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

हशा हळूहळू विरला. बाईंना खाली बसता आलं असतं. त्यांनी पुन्हा एकदा सगळा मंडप नजरेखालून घातला, शोधत होत्या कुणीतरी, आणि कुणी नव्हतं. मग त्या बोलल्या. पुस्तकी आवाज गेला होता, त्यांचा रोजचा होता.

‘मग मीच मांडते. माझी शांती चौथीत पयल्या नंबरानं पास झाली. तिच्या पाठीवर पोरगं झालं न् मी तिला घरी बसवली. मी हितं चोक गुंडाळत व्हते न् तिकडं तिची शाळा सुटली. कुणी सोडवली? मी सोडवली. आता सखूची रंजी बसलीय. हे पाळणाघर आज नाय मांडलं तर उद्या आणखी एक बसंल. रेनकोट घ्या तुमी, भिजू नका. पन ते दहावं. पाळणाघर पयलं.’

पयलं! दहाव्याचीही खात्री नव्हती आणि बाई पहिलं मागत होत्या. लाउडस्पीकरचा माइक त्यांच्यापासून शंभर पावलांवर होता, पण एक अक्षर कुणाचं चुकलं नाही.

अण्णांचा चेहरा उतरला, पण सभा म्हणजे सभा. त्यांनी विचारलं, अनुमोदन कोण देणार? आणि इथे सगळं अडलं. कारण अनुमोदन देणारी बाईच सूचना मांडून बसली होती! दुसऱ्या कुणाला सवयच नव्हती. मी पेन घट्ट धरून बसले होते आणि मनात ओरडत होते की उठा गं कुणीतरी.

सखूबाई उठली. कार्ड हरवलं तेव्हासुद्धा साहेबांसमोर जिचा आवाज फुटला नव्हता, ती. ‘माझं हाय,’ एवढंच म्हणाली आणि घाबरून खाली बसली. तिच्या शेजारची उठली, माझं बी हाय. मग तिसरी. मग कोपऱ्यातून एक म्हातारी, सगळ्यांचं हाय तर माझं का नको. अण्णा माइकवर सांगत होते, अहो बायांनो, एक पुरे, अनुमोदक एकच लागतो. लीलाबाई तिथूनच म्हणाल्या, ‘लिहू द्या अण्णा. त्यांचं पयलंच हाय.’

मी लिहीत सुटले. एकेकीचं पूर्ण नाव. कार्डांमुळे सगळ्यांची नावं मला पाठच होती. दीड पान भरलं आणि हात दुखायला लागला, पण असलं सुख मला त्या कारखान्यात दुसऱ्यांदा मिळालं नाही. शेवटी, कुणालाही न विचारता, मी माझंही नाव घातलं. अण्णांनी हात वर करायला सांगितले तेव्हा पुढच्या रांगेतले पुरुषही मागे बायकांकडे चोरून बघत बघत हात वर करत होते.

पुढच्या वर्षी गोदामाशेजारच्या खोलीत पाळणे आले. रंजना पुन्हा सहावीत बसली, वर्गात सगळ्यांहून डोकंभर उंच. सखूबाईने माझ्या खिडकीत पेढे आणून ठेवले.

आणि लीलाबाई? तुम्हाला वाटेल, त्या दिवशी बाई पुढारी झाल्या. मलाही तसंच वाटलं होतं. छे! त्या महिनाभर तोंड लपवून हिंडत होत्या. ‘चुकून उठले मी, ताई,’ असं येईल त्याला सांगायच्या. बायकांनी बळजबरीने कमिटीवर घातलं तर मीटिंगला भिंतीला टेकून बसायच्या. बोलायच्या, पण आधी तीन वेळा इकडेतिकडे बघून, कुणी दुसरं बोलतंय का. मीटिंगांमागून मीटिंगा गेल्या, तसं ते इकडेतिकडे बघणं तीन वेळांचं दोन वेळा झालं. एकदा तर मालकाच्या माणसाने विचारलं की हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं, तेव्हा बाई पटकन म्हणाल्या, मीच, आणि दचकून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. माणूस पुढारी होतो तो लोकांना आधी दिसतो. त्याला स्वतःला पटायला मात्र भलताच वेळ लागतो, निदान लीलाबाईंना तरी लागला.

माझी नोकरी मधेच सुटली आणि भेटी थांबल्या. त्यांना शेवटचं बघितलं ते आमच्या द्वारका चौकात, ऐंशीचं दशक अर्धं उलटून गेल्यावर. भर दुपारची वेळ, ट्रकची ये-जा, आणि एका पंक्चरच्या दुकानाच्या सावलीत लीलाबाई उभ्या, हातात कापडी पिशवी. मी धावतच गेले. केस पांढरे झाले होते, चपळाई तीच. म्हणाल्या, नामपूरला चाललेय, कांदा निवडणाऱ्या बायकांनी सभा ठेवलीय. त्यांच्या पोरी पण कांद्याच्या चाळीत बसून राहतात म्हणे, शाळा सोडून. न्यायला जीप येणार होती.

जीप आली. धुळीने माखलेला एक तरणा ड्रायव्हर उतरला. त्याने आम्हा दोघींकडे बघितलं. मी इस्त्रीची साडी नेसलेली, खांद्याला पर्स, डोळ्यांवर चष्मा. त्या साध्या सुती पातळात. तो थेट माझ्यासमोर आला, हात जोडले आणि म्हणाला, ‘पुढारी बाई तुम्हीच ना? नामपूरले जानं शे.’

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ठरवून मिटलं. हे काही मी सांगायचं नव्हतं.

लीलाबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. इकडेतिकडे मात्र बघितलं नाही.

‘पुढारी मी हाय,’ त्या म्हणाल्या.

पोराला काही पटेना. तो अजून माझ्याच पर्सकडे बघत होता.

‘त्यांच्याकडं काय बघतो?’ लीलाबाई म्हणाल्या. ‘दार उघड. बाया खोळंबल्या असतील.’

त्याने धावत जाऊन पुढचं दार उघडलं. बाई पिशवी सावरत चढून बसल्या आणि दार आपटून लावलं. जीप आडगावच्या बाजूला वळेपर्यंत मी हात हलवत होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या, आणि तो मान डोलवत होता.